वाकून बोलायची खिडकी

मी पाणीपुरवठा कार्यालयातल्या चौकशीच्या खिडकीची काच बोलतेय. जरा वाका, म्हणजे ऐकू येईल. मला बसवणाऱ्याने बोलायचं छिद्र चुकून कमरेच्या उंचीवर कापलं.

आत बसणाऱ्या कारकुनाच्या ते बरोबर तोंडासमोर येतं. बाहेरच्याला मात्र वाकावं लागतं. मला वाटलं होतं, पाठ दुखेल म्हणून तरी माणसं मुद्द्याचं आधी बोलतील. छे! वाकलेला माणूस आधी माफी मागतो, मग ओळख सांगतो, मग ओळखीच्यांची ओळख. नळाची गोष्ट निघेपर्यंत त्याची पाठ भरून येते, नाहीतर कारकुनाचं लक्ष उडतं. कितीतरी जण अर्धंच बोलून गेले. त्यांच्या श्वासाची वाफ माझ्यावर राहते आणि मला धास्ती लागते, यांचं सांगायचं काय राहिलं असेल?

परवाचंच घ्या. संध्याकाळचं पाणी सुटायला थोडाच वेळ होता. खालच्या गल्लीत नवा दवाखाना काढलेली तरुण डॉक्टर धापा टाकत आली.

"नमस्कार. मी बाहेर शिकले, पण इथेच काम करायचं ठरवून परत आले. सार्वजनिक आरोग्य हा माझा विषय..."

"वा, छान." कारकून डबा पिशवीत घालत होता. "अर्ज आणलाय?"

"नाही, पण पाण्याकडे बघायची आपली जी दृष्टी आहे ना, ती मुळापासून..."

"डॉक्टरबाई, दृष्टी उद्या बघू. खिडकी बंद करायची वेळ झाली."

तिच्या हातातल्या बाटलीत काळपट पाणी होतं. मला दिसत होतं, त्याला नाही. बाई, बाटली वर धरा! पण माझं तोंड दुसऱ्यांच्या बोलण्यापुरतंच.

त्याने पडद्याची दोरी धरली. तिने बाटली छिद्राला टेकवली.

"नळात गटार मिसळतंय. पाच मुलं आजारी आहेत. आज पाणी सोडू नका."

त्याच्या हातातली दोरी सुटली. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" त्याने घाईघाईने पंपघराला फोन लावला. "हां, काय रे, चहा झाला का? वहिनींचा गुडघा काय म्हणतोय? बरं ऐक, त्याचं असं झालं..."

"काका!" ती छिद्रातून ओरडली. "पाणी बंद!"

फोनमधून धावत्या पावलांचा आवाज आला. पाणी सुटलं की काय? मी चौकटीत थरथरत होते.

"बंद केलं," पलीकडून आवाज आला. "आता सांगा, का?"

कारकुनाने स्वतःची खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली. "बसा. आता सगळं सांगा." बसल्यावर तिचं तोंड छिद्राशी बरोबर आलं. ती खूप वेळ बोलली, दृष्टीबद्दलसुद्धा. त्याने आतून वाकून सगळं ऐकलं.

म्हणून हात जोडून सांगते, माझ्याकडे येताना वाटेतच ठरवा. एकच वाक्य बोलता आलं तर कोणतं बोलाल? ते आधी बोला. बाकीचं ऐकायला माणूस आपणहून खुर्ची देतो.

माझा जीव मात्र अजून टांगणीला आहे. हे पाहा, पडदा हलतोय. बाहेर एक आजोबा वाकलेत, आणि अजून नमस्कारावरच आहेत.