तीन झडपा आणि एक मोकळी खाच

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी दांडी आहे. लांबी दीड वीत, जाडी करंगळीएवढी. एका वृद्ध मोटारीच्या बोनेटखाली माझा निवास आहे. तिच्या इंजिनाच्या माथ्यावर तीन कार्बोरेटर एका ओळीत बसले आहेत. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण इंजिनाला पुरवणे हे त्यांचे कार्य. प्रत्येकाच्या कंठात एक झडप आहे. ती जेवढी उघडेल तेवढा श्वास इंजिनाला मिळतो. या तिन्ही झडपांना यथाकाल उघडणे हे माझे जीवितकार्य.

‘यथाकाल’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. ज्यांनी मला घडवले ते मोठे मिस्त्री म्हणत, “भुकेल्या माणसापुढं एकदम तीन ताटं मांडू नयेत.” चालकाने पेडलवर हलका पाय ठेवला की केवळ मधली झडप उघडावी, बाजूच्या दोघींनी स्वस्थ असावे. पेडल निम्मे दाबले गेले की त्यांनीही जागे व्हावे, आणि पेडल तळाला टेकताना तिघी एकाच क्षणी पूर्ण उघडाव्यात, अशी त्यांची योजना. त्यासाठी त्यांनी माझ्या एका टोकाला बोटाच्या पेराएवढी लांबट खाच कोरली. बाजूच्या झडपांना फिरवणारा खिळा त्या खाचेत राहतो. आरंभी मी सरकते, पण खिळा जागीच असतो. मग खाचेची कड त्याला गाठते आणि ओढू लागते. उशिरा निघालेल्या त्या दोघींनी वेळेवर पोहोचावे म्हणून त्यांच्या तरफा मिस्त्रींनी आखूड, म्हणून जलद फिरणाऱ्या, ठेवल्या. एवढ्याशा खाचेसाठी दोन दिवस त्यांची कानस चालत होती. तशी निष्ठा मी नंतर क्वचितच पाहिली.

पंचवीस वर्षे मी चढ-उतार पाहिले. लोक इंजिनाची स्तुती करीत, माझे नाव कुणाच्या ओठी येत नसे. त्याचा मला विषाद नाही. पुढे मोटारीचे मालक निवर्तले आणि नऊ वर्षे आम्ही ताडपत्रीखाली धूळ खात पडलो. अखेर त्यांच्या कन्येने, एका निवृत्त मुख्याध्यापिकेने, मोटार पुन्हा मी घडले त्याच कारखान्यात आणली. मोठे मिस्त्री तेव्हा हयात नव्हते. कारखाना त्यांची दोन प्रौढ मुले चालवत होती. ताई इंजिने पाही, धाकटा भाऊ वेल्डिंग करी.

भाऊची ख्याती अशी की, त्याच्या हातून गेलेल्या वस्तूत फट म्हणून उरत नसे. मला स्वच्छ करताना त्याला माझी खाच दिसली. “किती झिजलीय बिचारी!” तो कळवळला. त्याने तीत पितळ वितळवून भरले, खिळ्यापुरते गोल भोक पाडले आणि मला चकचकीत केले. त्याचा हेतू निर्मळ होता, आणि खरे सांगते, काम देखणे होते. पण आता तिन्ही झडपा एकदमच उघडू लागल्या.

मोटार घेऊन गेलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी रुग्णालयाजवळच्या चढावर पेडल दाबले मात्र, हवेच्या लोंढ्याने इंजिन गुदमरले आणि बंद पडले. मागची बस हातभर अंतरावर कशीबशी थांबली.

बाई तडक कारखान्यात आल्या. “बाबांची आठवण म्हणून गाडी ठेवलीय. पण जिवावर बेतणार असेल तर कसं व्हायचं? शनिवारपर्यंत जमलं तर बघा. नाहीतर हे इंजिन उतरवा, दुसरं बसवा.”

उतरवलेले इंजिन भंगारात जाते, हे आम्ही सारे जाणून होतो. तीन दिवस ताई कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत राहिली. व्यर्थ. शनिवारी सकाळी तिने पाना खाली ठेवला.

“बाई, आत बसा. इंजिन बंदच राहू दे. पेडल दाबा, अगदी हळू.”

“हातानंच ओढून बघ की,” भाऊ म्हणाला.

“गाडी काय हातानं चालवतात? पायाखाली काय होतंय ते बघायचंय मला.”

“अगं, हे तर अर्ध्यातच अडतंय!” बाई आतून ओरडल्या.

ताईने कार्बोरेटरच्या कंठात विजेरी धरली. बाजूच्या झडपा पूर्ण उघडून अडल्या होत्या, मधली निम्मीच. मग तिची दृष्टी माझ्यावर स्थिरावली.

“भाऊ, हिच्यात पितळ कुणी भरलं?”

“मी. झिजून लांबट झाली होती.”

“झिजेनं भोक वेडंवाकडं होतं रे. पोलादाची ही कड बघ, कशी सरळ आहे! बाबांनी कोरलेली खाच होती ती.”

“एवढी मोकळी जागा कोण मुद्दाम ठेवतं?”

“अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. तू तर रिकामं होतं तेही भरून ठेवलंस!”

बाई हसल्या. भाऊ हसला नाही. मान खाली घालून त्याने मला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पकडले.

“जाळ लावू नकोस, वाकेल ती,” ताई मृदू स्वरात म्हणाली.

त्याने कानस घेतली. पितळ झडत राहिले. दुपारी घासण्याचा आवाज एकाएकी पालटला, आणि त्याचा हात थबकला.

“ताई, बाबांची कड लागली,” तो हळूच म्हणाला.

मग दोघांनी मला बसवले. पेडल सुटे असता तिन्ही झडपा घट्ट मिटतात ना, हे ताईने कागदाचा कपटा अडकवून पाहिले. माझी लांबी जुळावी म्हणून टोकाचा आटा दोन वेढे फिरवला. पेडल तळाला नेऊन तिघी पूर्ण उघडून ताठ उभ्या राहतात याची खात्री केली. मग बाई, ताई आणि भाऊ मोटारीत बसले.

चढ आला. मी सरकले. मधलीने एकटीने भार वाहिला. निम्म्या चढावर खिळा माझ्या कडेला टेकला आणि दोघी बहिणी जाग्या झाल्या. इंजिनाचा स्वर न तुटता भरदार झाला.

“मागून कुणी ढकलतंय की काय!” बाई म्हणाल्या. वर पोहोचल्यावर त्यांनी डोळे पुसले. “दुसरं इंजिन नको. मला हेच पुरे.”

भाऊची थोरवी मला पुढच्या आठवड्यात कळली. बाईंनी मोटार तेल देण्यासाठी पुन्हा आणली होती, म्हणून मी कारखान्यात होते. कुणीतरी एक जुना सांधा त्याच्यापुढे ठेवला. त्याने वेल्डिंगची नळी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“ताई, जरा ये गं. हे झिजलंय, की असंच बनवलं होतं?”

मित्रांनो, जुन्या वस्तूची डागडुजी अवश्य करा. तिला तेलाचा थेंब द्या, तिची धूळ पुसा. पण हात लावण्याआधी भाऊने विचारले तेवढे एकदा विचारा. आमच्यापैकी पुष्कळांना बोलता येत नाही.