बादलीतला काना

"बाई, चार माणसं द्या."

हवालदार दारात उभा राहून हे असं म्हणायचा, जणू बाई खिळे-मोळ्यांच्या दुकानातच बसल्या होत्या. छावणीत झाडलोट करायची असो, गोण्या उतरवायच्या असोत की पाण्याची टाकी धुवायची असो, त्याला नेमका साक्षरतेचा वर्ग आठवायचा. आणि वर्गात जवान होते मोजून चारच.

दात येणारं, रात्रभर कुरकुरणारं बाळ सासूबाईंच्या मांडीवर देऊन बाई धापा टाकत इथवर यायच्या. कशाला, तर रंगाच्या डब्यांच्या कोठीत रिकाम्या बाकांना बाराखडी शिकवायला. वरिष्ठांकडे तक्रार केली की सगळे मान डोलवायचे. शिक्षण महत्त्वाचंच, म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दारात पुन्हा हवालदार.

चौघांत बाईंचा जीव अडकला होता तो पैलवानात. पेन्सिल अशी घट्ट धरायचा, जसं बाळ बाईंचं बोट धरतं. त्याला ड्रायव्हरच्या कोर्सला जायचं होतं. त्यासाठी लिहिता-वाचता येण्याचं सर्टिफिकेट हवं, त्याचे परीक्षक वर्षातून एकदाच येणार, आणि पुढच्या वर्षी पैलवानाचं वय उलटणार. आता नाही तर कधीच नाही.

अडचण एकच होती. त्याला काना दिसायचाच नाही. 'काम'ला 'कम' वाचून तो खुशाल पुढे जायचा. अहो, काना म्हणजे अक्षराचा पहारेकरी, शेजारी ताठ उभा आहे का बघा, असं बाईंनी घसा कोरडा पडेतो सांगितलं होतं.

"आमचे पहारेकरी झोपतात, बाई," पैलवान म्हणाला होता, आणि वैतागलेल्या बाईंनाही हसू आवरलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाई आल्या तर वर्गात चिटपाखरू नाही. परीक्षक तेवढे हात चोळत बसलेले. हवालदाराने पुन्हा टाकी धुवायला नेलं असणार, म्हणून बाई तावातावाने टाकीकडे निघाल्या आणि जागीच थांबल्या. त्यांचे चारही विद्यार्थी कडक इस्त्रीत, पायाशी ट्रंका घेऊन रांगेत उभे होते. समोर हवालदार कपाळावर हात मारून घेत होता.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी हवालदाराने ऑफिसबाहेरच्या सूचनाफळ्यावर चिठ्ठी डकवली होती, आणि तीही नेमकी परीक्षेच्या सूचनेवर. 'वर्गातील जवान. बादली. उद्या सकाळी टाकीपाशी.' पैलवानाने ती वाचली. जन्मात पहिल्यांदा कुणालाही न विचारता, आपली आपण. आणि वाचलं 'बदली'. छावणीतले ट्रक टाकीपासूनच सुटायचे, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. बाकीच्या तिघांनी, पैलवान एवढ्या ठामपणे वाचतोय म्हटल्यावर, फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हा तमाशा पाहून मेजरसाहेब ऑफिसातून बाहेर आले. हवालदाराला वाचा फुटायच्या आत पैलवान पुढे झाला. सलाम ठोकला.

"साहेब, बदली परवा करा. आज माझी परीक्षा आहे."

साहेबांना ना बदलीचा पत्ता होता, ना परीक्षेचा. त्यांनी फळ्याशी जाऊन वरची चिठ्ठी उचकटली, खालची सूचना वाचली आणि हवालदाराकडे नुसतं बघितलं. परीक्षा आधी, म्हणाले. बाईंना हायसं वाटतं न वाटतं तोच त्यांनी पुढचं सांगितलं. टाकी मात्र दुपारच्या आत धुवून व्हायला हवी. बाईंनी डोळे मिटून घेतले.

तर अशी ती घाईघाईची परीक्षा. बाहेरचा गोंधळ परीक्षकांच्या कानावर गेला होताच. शुद्धलेखन सांगताना ते गालात हसून म्हणाले, "लिहा, बादली."

पैलवानाने ब काढला. थांबला. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, कारण त्याच्याकडे पाहणं होईना. मग बाक करकरलं. पैलवान बसल्या जागी ताठ झाला, छाती काढली, आणि ब-शेजारी असा काना ओढला की कागद फाटला.

परीक्षकांनी फाटका कागद उजेडाकडे धरला. हा पहारेकरी काही झोपायचा नाही, असं बाई मनात म्हणाल्या. जेमतेम का होईना, पैलवान पास झाला.

परीक्षकांच्या सहीची शाई वाळायच्या आत दारात सावली पडली.

"बाई, चार माणसं द्या."

"तीनच आहेत," बाई म्हणाल्या. "चौथा ड्रायव्हर आहे."