नारळ फुटल्यावरची दरखास्त

"आप्पा, केस तुम्ही जिंकलाय," अपेक्षा म्हणाली, आणि तिने कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. "सही करा."

आप्पासाहेब कागदाकडे बघत राहिले. अपेक्षा त्यांची सख्खी पुतणी, शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करणारी. भावाची पोर फसवणार नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळा गोंधळच होता.

"जिंकलोय, तर परत कोर्टात कशापायी जायचं?"

"लवादाने निवाडा दिला, पण लवादाकडे पोलीस नसतो, बेलिफ नसतो. विक्रमने भिंत काढायची असं निवाड्यात लिहिलंय, आणि तो काढत नाही. मग कोर्टाला सांगायचं, याची अंमलबजावणी करून द्या. त्यालाच दरखास्त म्हणतात. सिम्पल आहे."

सिम्पल! आप्पासाहेबांच्या डोक्यात नुसतं भणभणत होतं.

गाव पालिकेत गेलं आणि शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा आप्पासाहेबांनीही आपलं रान विक्रमला दिलं. विक्रम लोणी काळभोरचा, शेतकऱ्याचाच पोरगा, आता बिल्डर. मागची विहीर आणि भाजीचा तुकडा तेवढा आप्पासाहेबांनी राखला होता, आणि तिथे जायला इमारतीच्या कडेने रस्ता ठेवायचा असं करारात लिहून घेतलं होतं. इमारत झाली, आयटीवाली पोरं गळ्यात पट्टे अडकवून आली, आणि रस्त्यावर भिंतही आली. तेव्हापासून सोजरबाई, म्हणजे आप्पासाहेबांची बायको, मंडईला धाडायची मेथी काढायला हायवेवरून वळसा घालून जायची. गेल्या आठवड्यात कंपनीच्या बसने तिच्या डोक्यावरची पाटी उडवली. पाटीच उडाली म्हणून बरं.

भांडण झालं तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं, असंही त्याच करारात होतं. निवृत्त न्यायाधीश एका थंडगार खोलीत बसले, दोन्हीकडचं ऐकलं, चहा पाजला आणि निवाडा दिला. आप्पासाहेबांना हे फार आवडलं होतं. अगदी पंचांसारखं. आणि म्हणूनच सगळा घोळ झाला.

कारण पंचांचा निवाडा झाला की त्यांच्या गावात एक रीत होती. हरलेल्याने म्हसोबापुढे नारळ फोडायचा. दोघांनी त्याचं खोबरं खायचं, जिंकलेल्याने हरलेल्याला घरी जेवू घालायचं आणि "मिटलं" म्हणायचं. त्यानंतर हरलेला आपल्या हाताने ठरलेलं काम करतो, आणि जिंकलेला त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढत नाही. आठवण करून देणं म्हणजे देवासमोर त्याला खोटारडा म्हणणं. आणि विक्रमने, न सांगता न बोलावता, मोठ्या गाडीतून येऊन नारळ फोडला होता. पुरणपोळी खाऊन, सोजरबाईच्या पाया पडून गेला होता. त्या दिवशी सोजरबाईने भिंतीपाशी रांगोळी काढली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, रांगोळीचं नावनिशाण उरलं नाही. भिंत मात्र जागच्या जागी.

"तो ती इमारत सिंगापूरच्या कंपनीला विकतोय," अपेक्षा म्हणाली. "पुढच्याच महिन्यात. मग ते म्हणतील, लवादापुढे आम्ही नव्हतोच."

"मग काय सिंगापूरला जाऊन भांडायचं?"

"तसं नाही हो आप्पा! पण लांबेल. वर्षानुवर्षं लांबेल."

"नारळ फुटलाय, अपेक्षा. मी मिटलं म्हणलोय."

अपेक्षाने कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाली, "त्याला ही रीत माहीतच नसेल तर? उगाच आपला मान म्हणून फोडला असेल."

हे आप्पासाहेबांच्या मनात आलंच नव्हतं. पोराला माहीतच नसेल, तर तो नारळ कसला? मग सही करायला हरकत नाही. पण माहीत असेल, तर तो भिंत काढणारच. मग सहीची गरज नाही. रात्रभर त्यांनी हे उलटसुलट करून पाहिलं आणि आणखीच गोंधळले. सकाळी धुतलेलं धोतर नेसून ते विक्रमच्या ऑफिसात गेले. भिंतीचं नाव काढायचं नव्हतंच.

"या आप्पा, या! चहा सांगू का?"

"चहा नको. एक इचारायचं हाय. तुमच्या लोणीत निवाड्याचा नारळ कोन फोडतं?"

विक्रम हसला. वाईट नव्हतं ते हसणं, उलट मायेचंच होतं, आणि तेच फार लागलं.

"हरलेला फोडतो, आप्पा. सगळीकडं तसंच हाय."

"म्हंजी तुला ठावं व्हतं."

"ठावं व्हतं म्हणून तर फोडला." नको म्हटलं तरी आलेला चहाचा कप त्याने पुढे केला. "निवाड्याच्या इरोधात मी कोर्टात गेलो असतो तर तुम्ही बी मागं आला असता. नारळ फोडला, तुम्ही घरी बसला. तुम्ही माणूस शब्दाचे हाय, आप्पा. मला ठावं हाय की."

आप्पासाहेबांना आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि राग आला. भिंतीपायी नव्हे, म्हसोबापायी. देवाला साक्ष ठेवून या पोराने त्यांचा चांगुलपणाच त्यांच्यावर उलटवला होता. ते उठले. कप तसाच राहिला.

बाहेर हायवेवर बसगाड्या धडाधडा पळत होत्या. त्यांच्या कडेकडेने, पदर दाताखाली धरून, सोजरबाई पाटी घेऊन येत होती. हॉर्न वाजला की थांबत होती, परत चालत होती. आप्पासाहेब पुढे गेले आणि त्यांनी पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. साऱ्या जन्मात त्यांनी पाटी कधी उचलली नव्हती. सोजरबाई बघतच राहिली.

"काय झालं वं? काढतो का भिंत?"

"अपेक्षाला फोन लाव."

"काय सांगू तिला?"

"म्हनावं, सही करतो." पाटी सावरत ते चालू लागले. "म्हनावं, नारळ फुटलाच न्हाई."