बोअरमधलं शिसं

अंथुर्ण्याजवळच्या वस्तीवर झुंबरतात्यांच्या बोअरचंच पाणी तेवढं गोड होतं. अकरा घरं तेच प्यायची, आणि तात्यांना त्याचा भारी अभिमान.

त्यांची पुतणी प्रगती बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगासाठी तिनं एकदा घरचंच पाणी नेलं. रिपोर्ट हातात पडला तशी ती पहिल्या एसटीनं वस्तीवर आली.

"तात्या, पाण्यात शिसं हाय. प्यायचं बंद करा."

"काचंसारखं नितळ हाय की!"

"विरघळलेलं शिसं दिसत न्हाय. उकळून जात न्हाय. बोअरमागच्या त्या पडीक शेडात जुन्या बॅटऱ्या फोडायचे ना, तितनंच मुरलं असंल."

तात्या दुपारी जेवले नाहीत. ऊन उतरल्यावर घराघरांत जाऊन त्यांनी स्वतःच सांगितलं, "माझ्या बोअरचं पाणी पिऊ नगासा." शेजारच्या जयवंताची सून पोटुशी होती. तिच्यासमोर त्यांना मान वर करवेना.

वस्तीला टँकर सुरू झाला. इकडं प्रगतीनं उसाच्या चिपाडाचा भुगा आम्लात मुरवला, हवा लागू न देता भट्टीत तापवला आणि धुऊन धुऊन त्याचा सक्रिय कोळसा केला. त्याच्या बारीक बारीक छिद्रांत शिसं चिकटून राहतं. कोळसा पिंपात भरून त्यातून पाणी सोडलं. तपासलं तर शिसं निम्मंच कमी झालेलं. प्रगती पायरीवर बसून राहिली.

तात्या मात्र पिंपापाशी उकिडवे बसून धार बघत होते.

"पाणी पळतंय गं. कोळशाला धरायला सवड कुठं मिळती?"

त्यांनी कॉक आवळत आवळत धार सुतळीएवढी केली.

त्या पाण्यातलं शिसं पिण्याच्या पाण्यासाठी ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलं. तात्या लगेच तांब्या भरायला निघाले. प्रगतीनं तो काढून घेतला. "आणखी दोन रिपोर्ट येऊ द्या." महिन्याभरानं तेही चांगले आले, तेव्हा तात्यांच्या बायकोनं, फुलाकाकूंनी, त्या पाण्याचा चहा केला आणि अख्ख्या वस्तीला बोलावलं. जयवंताची सूनसुद्धा आली.

कोळसा कायमचा नसतो. शिशानं भरला की बदलावा लागतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी तात्या पाण्याची बाटली घेऊन तपासणीसाठी बारामतीला जातात.

परवाच्या ग्रामसभेत ते जन्मात पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. "शेडाखालची माती उचलायला पायजे. आमी गाळतोय, पण मुळातनं गेलं पायजे."

सगळ्यांत आधी बायकांचे हात वर झाले.