मोराचं लेबल आणि सोमवारचं मौन

चंदाबाईंच्या सोमवारी घरातलं मांजरसुद्धा दबकून चालायचं. पहाटे महादेवाला बेल वाहिला की बाईंचे ओठ मिटायचे, ते थेट दिवेलागणीला उघडायचे. मार्कंड्याच्या देवळात बोललेलं व्रत होतं ते. एकोणीस वर्षांत एक सोमवार मोडला नव्हता.

आणि प्रदर्शन नेमकं सोमवारवर येऊन पडलं.

धानोऱ्याच्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या डिंपलनं ते मांडलं होतं. नाव दिलं होतं, 'चिकटवहीचा छंद: तेव्हापासून आत्तापर्यंत'. भिंतीवर तिनं सगळी वंशावळच लावली होती. आधी काड्यापेट्यांची चित्रं नि कापडाची लेबलं, मग पेपरातले क्रिकेटवाले, मग लग्नपत्रिकांचे गणपती, मग पोरींची चमचमती स्टिकरं. शेवटी एक मोबाईल काढून खाली लिहिलं होतं, 'याला खळ लागत नाही'. गावातून तीसेक वह्या आल्या होत्या. नियम एवढाच, की ज्यानं त्यानं माइकवर येऊन आपली वही कशी सुरू झाली ते सांगायचं. लोकांना ज्याची गोष्ट आवडेल त्याची वही वर्षभर दारासमोरच्या काचेच्या पेटीत.

त्या पेटीत आपली वही जावी असं चंदाबाईंना फार फार वाटत होतं. इतकं, की शनिवारी मारुतीला तेल वाहताना त्यांनी लाजत लाजत त्याच्या कानावरही घातलं होतं. घर, वावर, सुना, नातवंडं, सगळं सगळ्यांचं होतं. ही वही तेवढी एकट्या त्यांची. अकराव्या वर्षी सुरू केलेली. पहिल्याच पानावर कापडाच्या थानावरचं लेबल होतं, सोनेरी किनारीचा निळा मोर. बावन्न वर्षं झाली, मोर अजून ताजा.

"आता कसं करता बाई?" डिंपल हवालदिल झाली. "कार्यक्रम रविवारीच होता, पाहुण्याइले जमलं नाई. लिहून तरी द्या, मी वाचून दाखवतो."

चंदाबाईंनी मान हलवली. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच की.

"तिच्या बदली मी बोलतो ना!" मागून आवाज आला. सुलताना. गुलाम रसूल कापडवाल्यांची लेक, चंदाबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. एकोणीस वर्षांच्या सोमवारांचं चंदाबाईंच्या वाट्याचं सगळं बोलणं हिनंच वापरून टाकलं असावं, अशी बोलकी.

"पण एक माणूस एकदाच बोलणार," डिंपल म्हणाली. "तुमची पण वही आहे ना सुलतानाबाई? अत्तराच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची?"

"राहू दे तिले बाजूच्या टेबलावर. तिले काय पाय फुटून राह्यले?"

माइक हातात आला आणि सुलतानाचा घोडा उधळला.

"तर लोकहो, ही वही सुरू झाली त्या दिवशी आमच्या दुकानात वाघ शिरला!"

चंदाबाई खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. कुठला वाघ? भर सभेत खोटं, तेही आपल्या वहीच्या नावानं, तेही सोमवारी! त्यांनी घाईघाईनं पानं उलटली. वहीच्या मध्यावर पेपरातले मथळे चिकटवलेले होते, नुसतं अक्षर टपोरं दिसलं म्हणून जमवलेले. दुसऱ्यानं छापलेलं नुसतं दाखवलं तर ते बोलणं त्याचं, आपलं नाही. महादेवा, चालेल ना? महादेव काही बोलले नाहीत. त्यांचं तर रोजच मौन.

बाईंनी वही उचलून लोकांसमोर धरली आणि मथळ्यावर बोट ठेवलं.

'अफवांवर विश्वास ठेवू नका.'

सभा खो खो हसली.

"बरं, वाघ नाई, पिल्लू होतं," सुलताना म्हणाली.

पान उलटलं. 'वन विभागाचा स्पष्ट इन्कार.'

"पाहा, कशी भांडते! शाळेत पण अशीच. पयल्या नंबरानं पास व्हायची ही!"

चंदाबाईंना मोह झाला. पण सोमवार होता. बोट सरकलं. 'निकाल राखून ठेवला.'

आता मागच्या बाकांवरचे लोक उभे राहिले होते. तोंडावर धरायला पदर नव्हता म्हणून डिंपल रजिस्टर धरून हसत होती. चंदाबाईंना स्वतःलाही आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. हसणं मौनात बसतं की नाही, हे त्यांनी एकोणीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

"आता खरं सांगतो," सुलताना म्हणाली. "हा मोर आमच्या अब्बांच्या दुकानातला. थान विकलंच नव्हतं अजून! चंदीनं थुंकी लावून लेबल सोडवलं नि परकराच्या ओच्यात घेऊन पळाली. बिनलेबलाचं थान कोण घेते? अब्बांनी मलेच पकडलं. आठ दिवस दुकानातल्या थानाच्या घड्या घातल्या मी. पण हिचं नाव नाई सांगतलं. ही सोमवारी तोंड बंद ठेवते, त्याचं गावभर कौतुक. मी बावन्न वर्षं ठेवलं, मले एक अगरबत्ती तरी लावा कोणी!"

हशा असा उसळला की छपरावरची कबुतरं उडाली.

चंदाबाई मात्र लालबुंद. थानावरचं चित्र म्हणजे झाडावरचं फूल, ज्याला दिसलं त्याचं, असं त्या वयात वाटलं होतं. सुलताना तेव्हा आठ दिवस खेळायला आली नाही, तेव्हा तिला ताप आला असेल म्हणून त्यांनी देवापुढे साखर ठेवली होती! बोटं भराभर पानं उलटायला लागली. हवामान, दहावी, धरण, संप... आणि एका कोपऱ्यात एक इवलासा चौकोन सापडला. त्यांनी वही दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली.

'कालच्या अंकातील चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

"काल!" सुलताना किंचाळली. "बावन्न वर्षाचा काल!" आणि माइक सोडून तिनं चंदाबाईंना मिठीच मारली.

काचेच्या पेटीत कोणाची वही जायची, हे विचारायची गरजच उरली नाही. डिंपलनं चंदाबाईंची वही मोराचं पान उघडून आत ठेवली आणि कुलूप आणायला वळली. तेवढ्यात चंदाबाईंनी बाजूच्या टेबलावरून अत्तराच्या चिठ्ठ्यांची वही आणली आणि मोराशेजारी दाबून बसवली. काच काही केल्या लागेना. डिंपलनं दाबली, दोघा-तिघांनी दाबली. "राहू द्या बाई, एक काढा," कोणी म्हणालं. चंदाबाईंनी पेटीवर असा हात ठेवला की पुन्हा कोणी तसं म्हणालं नाही. शेवटी झाकण सुतळीनं बांधलं.

दिवेलागण झाली. चंदाबाईंनी तुळशीपाशी दिवा लावला, "शंभो महादेव" म्हणाल्या, आणि तिथूनच कुंपणापलीकडच्या सुलतानाच्या खिडकीकडे वळल्या.

"सुलताने! सांगाचं होतं ना वं तवाच!"

"सांगतलं असतं तर तू मोर परत केला असता," खिडकीतून उत्तर आलं. "आन् मंग मी रोज तुया घरी काय पाहाले आली असती?"