डबे बघून

संक्रांतीला बायका वाण 'लुटतात'. म्हणजे वाटतात. हा शब्द ज्यानं शोधला त्याला सगळं आधीच कळलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या गडब गावात पूर्वी चहाच्या गाळणीवर भागायचं. मग धनेशची बायको भाविका कंपनीच्या कॉलनीतल्या साहेबांच्या बायकांकडे हळदीकुंकवाला जायला लागली आणि गावात स्टीलच्या वाट्या आल्या. धनेश माझा लहानपणापासूनचा मित्र. तो कंपनीत पर्मनंट, मी तिथंच ठेकेदाराकडे. गेट एकच, शिफ्ट एकच, पगारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पण माझी मनाली ऐकते थोडीच!

"त्यांच्या वाट्या घ्यायच्या नि आपण गाळणी द्यायची? तोंड कसं दाखवू मी?"

यंदा तिनं बायकांच्या बचत गटातून कर्ज काढलं आणि गावभर झाकणाचे डबे लुटले. मी ओरडलो खूप, पण टेम्पोतून डबे उतरवले मीच.

त्याच आठवड्यात पेणहून आमच्या लेकीचा, प्रणिताचा फोन आला. नर्सिंगची उरलेली फी सोमवारपर्यंत भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. गट दुसरं कर्ज देईना. मागण्यासारखा एकच माणूस उरला, धनेश. प्रणितालाही तसं सांगून टाकलं.

रविवारी भाविकाचं हळदीकुंकू होतं. मनाली आत गेली, मी मागच्या दारी धनेशजवळ बसलो. आत नॉनस्टिक तवे वाटणं चाललं होतं. म्हटलं, तवे वाटणाऱ्याला आपली फी म्हणजे चिल्लर. घसा खाकरला, तेवढ्यात तोच बोलला.

"जितू, लाज वाटते रं सांगायला. पन्नासेक हजार हायत काय तुझ्याकडं?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलोसुद्धा.

"हसू नको. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, सोसायटीचं कर्ज. पगार सकाळी येतो नि दुपारी जातो. हिच्या पाटल्या गहाण हायत. हातात दिसतात त्या एक ग्रॅमच्या."

"मग हे तवे?"

"तुमी डबे दिलेत. त्यावर आमी काय वाट्या द्यायच्या?" तो खाली बघत म्हणाला. "ते डबे बघूनच मी हिला म्हटलं, जितूकडं आता पैसा हाय."

आम्ही त्यांच्याकडं बघून कर्ज काढत होतो, ते आमच्याकडं बघून! "नाय रे माझ्याकडं," एवढंच मी कसंबसं बोललो. त्याला ते खरं वाटलं नाही. त्यानं तोंड फिरवलं. जन्माचा मित्र, मला चिक्कू समजला.

मनाली तवा घेऊन बाहेर आली. रस्त्याला लागल्यावर हळूच म्हणाली, "किती देतो म्हणाला?"

"त्यानंच माझ्याकडं मागितले."

"आपल्याकडं? आपल्याकडं कशाला?"

"तुझे डबे बघून."

ती मटकन बंद टपरीच्या फळीवर बसली. मग तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. "पोरीला तुमी सांगा. मला नाय जमायचं."

पहिल्याच रिंगला प्रणितानं उचलला. मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच तिचा आवाज आला, हसरा.

"बाबा, धनेशकाकानं दिले ना?"