मेमरीच्या डबीतले दोन शब्द

मित्रांनो, अंगठ्याच्या पेराएवढी काळी डबी कुठे दिसली, तर तिला खोडरबर समजून फेकू नका. मी तशीच एक जुनी मेमरीची डबी आहे. पूर्वीच्या कॅल्क्युलेटरला लांबलचक गणितं पाठ होत नसत. मग त्याच्या खाचेत मला बसवत. आकडेमोड त्याची, लक्षात ठेवणं माझं.

माझ्या बाई बोगद्याची मोजणी करत. डोंगराच्या एका बाजूने त्यांची तुकडी खणत होती, दुसऱ्या बाजूने त्यांच्या यजमानांची. कॅल्क्युलेटर मात्र दोघांत एकच. जीपमध्ये बसून डोंगराला वळसा घालत आम्ही इकडून तिकडे जायचो. दिशा जराशी चुकली असती, तर दोन्ही तोंडांची गाठच पडली नसती. शेवटचा खडक फुटला आणि पलीकडून यजमानांची विजेरी चमकली, तेव्हा कामगारांनी एकच गलका केला. बाईंनी खिशातल्या आम्हाला हळूच थोपटलं. ती थाप मला अजून हवीहवीशी वाटते.

पुढे कचेरीत संगणक आले आणि आमची रवानगी कपाटाच्या खणात झाली. काही वर्षांनी यजमान वारले. खण कुणी उघडला नाही. आतले सेल पाझरले, वीज थांबली आणि माझी पाटी कोरी झाली.

एकदा आवराआवर करताना बाईंच्या भाचीला आम्ही सापडलो. ती बाईंसह आम्हाला दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेली. त्यांनी गंज खरवडून नवे सेल घातले. पडद्यावर आकडे उमटले.

बाई अधीर होऊन म्हणाल्या, "गणिताच्या शेवटी बघा हो! उत्तर आलं की दोन शब्द यायचे."

"कसले शब्द, मावशी?"

"'जेवलीस का?' इंग्रजी अक्षरांत. तुझ्या काकांनी गुपचूप घातले होते. कामाच्या धबडग्यात आम्ही भेटायचो कुठे!"

दुरुस्तीवाल्या काकांनी बटणं दाबून पाहिली. "बाई, आत काहीच उरलं नाही."

"त्यात काय? मी घालून देते," भाची म्हणाली.

बाईंनी तिचा हात धरला. "नको गं. मग विचारणारी तू होशील."

मी तिथेच होते, मित्रांनो, आणि देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

म्हणून सांगते, जुनी यंत्रं अधूनमधून हातात घ्या. सेल वेळेवर बदला. आत जे जपण्यासारखं असेल, ते आधी उतरवून ठेवा. यंत्र दुरुस्त होतं. पण आमच्या पोटात कुणाची तरी माया असते, आणि ते माणूस ती पुन्हा ठेवायला येत नाही.